वडगावच्या ताईंची बावीस कामं

"मॅडम, सकाळी पाचपास्नं करायलोय, तरी ही काय संपंना झालीय," म्हणत ताईंनी पर्समधून कॅलेंडरचं फाटकं पान काढलं. पाठकोऱ्या बाजूला बावीस कामं लिहिलेली. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्याला दोघं-तिघं तरी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून ही हकीकत लिहितेय. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

ताईंच्या घरी वडगावात चार पॉवरलूम. हिशेब त्याच बघतात, शिवाय घर आणि सासऱ्यांचं आजारपण. दिवा मालवला की यादी डोळ्यासमोर नाचायला लागते. झोप नाही, दिवसा चिडचिड.

पहिल्या भेटीत मी चुकले. महत्त्वाची कामं आधी, बाकीची नंतर, असा पुस्तकी सल्ला दिला. पुढच्या खेपेला ताई तीन रंगांची स्केचपेनं वापरून सजवलेली यादी घेऊन आल्या. कामं एकतीस!

मग आम्ही ते पान टेबलावर पसरून एकेक ओळ वाचली. हेस्कॉमचं विजेचं बिल, मुलीच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल कार्यालयात, फेरी ही एकदा केली की सुटणारी. पण नळाला पाणी आलं की भरणं, सासऱ्यांच्या गोळ्या, कांड्या भरणाऱ्या बायकांचा पगार? ही खोडली तरी परत उगवणारी. मोजली तर एकोणीस निघाली.

"म्हंजे ही कधीच संपायची न्हाईत?"

"नाहीत."

ताई बराच वेळ गप्प. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "मग मी उगंच स्वतःला शिव्या घालायलोय की."

कामांचा ढीग ताई वर्षानुवर्षं उपसत होत्याच. त्यांना खात होती ती एक समजूत: चांगल्या बाईची यादी रात्री कोरी असते. आपल्याकडे सुनांना ही समजूत लग्नात आहेरासोबतच मिळते, असं माझं मत आहे.

झोपेचं वेगळं. अर्धवट काम मनात टोचत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्येच मांडलं. टोचणी थांबायला काम पुरं व्हावंच लागतं असं मात्र नाही. ते कधी करायचं हे ठरलं तरी मन बरंच निवतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 18 ते 30 वयाच्या 57 जणांवर प्रयोग झाला, तो 2018 मध्ये छापून आला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. पुढची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. प्रयोग लहान, तोही निरोगी तरुणांवर. पण वही-पेनाला खर्च तो काय?

ताईंना तेवढंच सांगितलं. रात्री पाच मिनिटं लिहायचं, वेळेसकट. 'दाखला' एवढंच नको. 'बुधवारी अकराला, रेशन कार्ड घेऊन' असं. उगवणारी कामं यादीत घ्यायचीच नाहीत. आणि झोप महिनाभरात सुधारली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

पाचेक आठवड्यांनी आल्या तेव्हा झोप बरी होती. रोज नव्हे, पण बरी. यादीत अजून अकरा कामं होती. 'साडीला फॉल' ही दोन वर्षं पानापानांवर फिरणारी ओळ मात्र दिसेना.

"लावला वाटतं फॉल?"

"छे हो. साडीच नणंदेला देऊन टाकली. तीच लावून घेऊ दे की!"