डी. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्र पदविकेच्या) विद्यार्थ्यांच्या शिकवलेले किती लक्षात राहते आणि त्यांना विषयाची ओढ किती, हे कसे तपासावे?

परीक्षेत चांगले गुण पडूनही चार महिन्यांनी मुलांची पाटी कोरी असते, अशी आपली तक्रार आहे. मी प्राध्यापक नाही. माझे औषधांचे दुकान आहे आणि डी. फार्म.नंतरच्या ५०० तासांच्या प्रशिक्षणासाठी मुले माझ्याकडे येतात.

एकदा दोघे एकाच वेळी होते: एक कॉलेजात पहिला आलेला मुलगा आणि एक फार्माकॉलॉजीत (औषधे शरीरात कशी काम करतात या विषयात) एकदा नापास झालेली मुलगी. एक गृहस्थ आईसाठी मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅमची रिकामी स्ट्रिप घेऊन आले. हे औषध कोणत्या एन्झाइमला अडवते, ते झोपेतून उठवले तरी सांगेल असा तो मुलगा लगेच ड्रॉवर उघडू लागला. मुलीने मागच्या बिलाची तारीख पाहिली आणि विचारले, "काका, आजी ही गोळी कधी घेतात?" उत्तर आले, "रोज सकाळी, बीपीच्या गोळीबरोबर." संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. तिने स्ट्रिप दिली नाही, मला हाक मारली आणि आम्ही डॉक्टरांना फोन लावला.

याच मुलीला तिच्या प्राचार्यांनी 'ओढ नसलेली' ठरवले होते, कारण तिची हजेरी कमी होती. हजेरीवरून फार तर बसचे वेळापत्रक कळते. नाव लिहून घेऊन भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचेही तेच. सरांना काय आवडेल तेच मुले लिहितात.

आपण एवढे करावे: शिकवलेल्या भागावर तीन महिन्यांनी, पूर्वसूचना न देता आणि गुण न ठेवता, 'टीप लिहा' छापाचे प्रश्न न विचारता प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून प्रश्न विचारावेत. अशा चाचणीने स्मरण मोजले जाते, तसेच ते पक्केही होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तो आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. ओढ पाहायची असेल, तर न सांगता कोण काय विचारतो याची नोंद ठेवावी.

अर्थात, हा एका काउंटरचा अनुभव आहे, आणि पाठांतर निरुपयोगी आहे असेही मी म्हणत नाही. आठवड्याला एकदा ही मात्रा पाठ होती म्हणूनच स्ट्रिप इतक्या लवकर संपल्याचे बिलाच्या तारखेवरून तिला खटकले. प्राचार्यांचे अजूनही म्हणणे आहे की नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसावे लागले म्हणून ते तिच्या लक्षात राहिले. तसे असेल, तर दुसऱ्यांदा विचारण्याचा हा लाभ पास झालेल्यांना का देत नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.