बोस्नियातलं युद्ध डेटन कराराने थांबलं, मग त्या करारावर इतकी टीका का होते?

कारण त्याने युद्ध थांबवलं, पण ज्या वांशिक विभागणीसाठी ते लढलं गेलं तीच राज्यघटनेत बसवली.

१९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात सुमारे एक लाख माणसं मेली. नोव्हेंबर १९९५मध्ये अमेरिकेतल्या डेटनजवळच्या हवाई तळावर बोस्नियाचे अध्यक्ष इझेतबेगोविच, सर्बियाचे मिलोशेविच आणि क्रोएशियाचे तुज्मान यांच्यात वाटाघाटी झाल्या, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. देश एक राहिला, पण आतून दोन भाग पडले: ५१ टक्के भूभाग बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट यांच्या फेडरेशनकडे, ४९ टक्के सर्बांच्या 'रेपुब्लिका सर्प्स्का'कडे. जुलै १९९५मध्ये ज्या स्रेब्रेनित्सात सर्ब फौजांकडून आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलं मारली गेली, ते गाव याच सर्ब भागात गेलं. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना हे किती लागलं असेल!

दुसरा घोळ राज्यघटनेचा. ती या कराराचंच परिशिष्ट आहे. अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा नागरिकाला उमेदवारीच नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९मध्ये हा भेदभाव ठरवला, तरी पुढे वर्षानुवर्षं तरतूद तशीच राहिली, कारण बदलाला तिन्ही बाजूंच्या नेत्यांची संमती लागते आणि सध्याच्या वाटणीवरच त्यांची सत्ता उभी आहे.

माझ्या मते १९९५मध्ये सही करणं योग्यच होतं, रोज माणसं मरत होती. पण युद्धविरामाचा कागद कायमची घटना म्हणून ठेवणं हा त्या देशावरचा अन्याय आहे.