पेटीआधी पट्टीचं बघा

तुमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या पंजाला काच लागली, रक्त थांबेना म्हणून रात्री क्रेप बँडेज आवळलं आणि सकाळी पंजा टम्म फुगला, असं लिहिलंय तुम्ही. पट्टी अजून असेल तर आधी कापून काढा. पंजा चोळू नका, शेकू नका, आजच दाखवा. हीच चूक मी केली आहे आणि कुत्र्याचं एक बोट काढावं लागलं. काचेमुळे नाही, पट्टीमुळे. म्हणून कुत्र्याच्या प्रथमोपचाराच्या पेटीत काय ठेवायचं ते विचारलं असलं तरी पट्टीचंच जास्त लिहितो. मी डॉक्टर नाही, हे धरून वाचा.

रक्त थांबवणं हे हाताचं काम, पट्टीचं नाही. स्वच्छ रुमाल घड्याळ लावून ५ मिनिटं सलग दाबायचा. मध्ये उचलून पाहिलं की धरलेली गुठळी सुटते. भिजला तर त्यावरच दुसरा. हळद भरू नका, टाक्यांआधी डॉक्टरांना ती खरवडत बसावी लागते. १० मिनिटांनीही वाहत असेल तर दाबून धरूनच दवाखाना गाठा.

थांबलं की २० मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, सलाईनचा फवारा मारून धुवा. मग बोटांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक बोळे, जखमेवर पॅराफिन गॉझ (जखमेला न चिकटणारी तेलकट जाळी), त्यावर प्लास्टरखाली घालतात तो सॉफ्ट रोल दोन-तीन थर, वर साधी गॉझची पट्टी, आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी पट्टी. घोळ करते ती ही शेवटची. ताणून गुंडाळली की बांधताना ठीक वाटते आणि रात्रभर आवळत राहते. आधी हातभर उलगडून ढिली करा, मग नुसती ठेवत जा. सुरुवात पंजाकडून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा. नुसत्या घोट्याभोवती वेढे दिले तर खालचं रक्त वर परतत नाही, पंजातच साचतं. मधल्या दोन बोटांची नखं बाहेर दिसायला हवीत. ती फाकली, बोटं गार लागली किंवा कुत्रा एकाएकी पट्टी चावायला लागला, तर ती त्याची मस्ती समजून गळ्यात कोन (चावू-चाटू नये म्हणून घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर) अडकवू नका. पट्टी सोडा. ओली झाली तरी सोडा. पावसात बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून बुटासारखी चढवावी, घरात आल्यावर लगेच काढावी.

एका दवाखान्याने फोनवर सांगितलं होतं, ‘पट्टी बांधलीय ना, मग सोमवारी आणा.’ नाव घेत नाही. रविवारी रात्री खरोखर फोन उचलणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर आणि कुत्र्याचं वजन पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यांचा सरकारी नंबर लावून बघा, पण ती फिरती पथकं मुख्यतः गाईगुरांसाठी. त्यांच्या भरवशावर राहू नका.

बाकी पेटीत बोथट टोकाची कात्री, थर्मामीटर (गुदद्वारातून, व्हॅसलीन लावून, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक), चावू नये म्हणून तोंड बांधायला हातभर गॉझ. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. बीटाडीन पातळ करून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत: मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात.

सलाईन १०० मिलीच्या बाटल्यांत घ्या. ५०० ची स्वस्त पडते, पण उघडलेली ठेवायची नसते आणि आपण ठेवतोच.