न फाडलेलं तिकीट

ताई,
वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त. आम्ही पाच मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या मुलुंडच्या घरी जमून जॅझच्या रेकॉर्डी ऐकतो. ऐकतो कमी, भांडतो जास्त. त्यातला एक माझा कॉलेजपासूनचा मित्र, आता डोंबिवलीला असतो. त्याच्या मते १९६७ मध्ये सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन गेला आणि जॅझ तिथेच संपलं. मी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने विजेची वाद्यं घेतली त्या काळाचा भक्त. यावरून आमचं चाळीस वर्षं जुंपतंय आणि त्यात मजाच आहे.
फेब्रुवारी १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली, धोबी तलावच्या रंगभवनात. अमेरिकेचा नावाजलेला सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येणार होता. तिकिटं याच मित्राने रांगेत उभं राहून काढली. नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना मिरजेच्या इस्पितळात हलवलं. तो गेला. वडील तिथेच वारले. मी एकटाच रंगभवनात गेलो. महिन्याभराने तो परत आला तेव्हा इराण्याकडे बसून मी त्याला सगळं सांगितलं. एकदा नाही, चांगलं तीन-चार वेळा.
गेली दहा-बारा वर्षं मात्र तो ‘आम्ही दोघांनी रोलिन्सला ऐकलं’ असं सांगतो. मी गप्प बसायचो. तीन महिन्यांपूर्वी आमच्यात एक नवा मुलगा आला, पंचविशीचा, सॅक्सोफोन शिकणारा. त्याच्यापुढे मित्राने सुरू केलं: कुठे बसलो होतो, हवेत गारवा कसा होता, पुढच्या रांगेतला माणूस कसा उठून उभाच राहिला. मी आत गेलो, बिस्किटाच्या डब्यातून त्याचं न फाडलेलं तिकीट आणलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, ‘हे तुझं. तू मिरजेला होतास.’ तो तिकिटाकडे बघत राहिला, मग चपला घातल्या आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही. फोन केला की वहिनी म्हणतात, ‘झोपलेत.’
खरं बोललो हा गुन्हा झाला का? की त्याला विस्मरणाचा आजार जडतोय? आणि नव्या मुलापुढे मी खोटा इतिहास कसा चालू द्यायचा?
– एक श्रोता, मुलुंड

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले: ‘इराण्याकडे बसून मी त्याला सगळं सांगितलं. एकदा नाही, चांगलं तीन-चार वेळा.’ तुम्ही ते ओघात लिहून गेलात. मला वाटतं, हे सगळं तिथूनच सुरू झालं.

पुढच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला, हे तुमच्या मित्राला कुठून कळलं? हवेत गारवा होता, हे कुठून कळलं? मिरजेच्या इस्पितळाच्या व्हरांड्यातून रंगभवन दिसत नाही. ते तुम्ही पाहिलंत आणि तुम्हीच सांगितलंत. वडिलांचे दिवस करून परत आलेला तो पोरगा तुमच्यासमोर चहा घेऊन बसला होता आणि जे त्याच्या वाट्याला आलं नाही ते तुमच्या तोंडून घेत होता. तुम्हीही जीव ओतून सांगितलं असणार. त्याने ते इतकं मनापासून ऐकलं की आपण हे पाहिलं की ऐकलं, यातली रेघ हळूहळू पुसली गेली. त्या शनिवारी नव्या मुलापुढे तो जी आठवण सांगत होता, ती तुमची होती. तुमचीच संध्याकाळ इतकी वर्षं जपून ठेवून तो ती तुमच्यासमोर पुन्हा मांडत होता, आणि त्यात ‘आम्ही दोघांनी’ म्हणत होता.

असं होतं, हे मी स्वतःवरून सांगते. मला पानशेतचा पूर आठवतो. शनिवार पेठेतल्या आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलेलं गढूळ पाणी, त्यात गरगरत जाणारा पितळी हंडा, वरच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसलेली आजी. हंड्यावर कोरलेलं नावसुद्धा मला दिसतं. पूर आला १२ जुलै १९६१ ला आणि माझा जन्म १९६३ चा. आईने ते इतक्या वेळा सांगितलं की तिचे डोळे माझे झाले. मोठ्या भावाने एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं, ‘तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस.’ बरोबरच होतं त्याचं. पण कानशिलं तापून मी आत निघून गेले होते. खोटी ठरले याचं तितकं नव्हतं, आईची ती गोष्ट एकदम परकी झाली, याचं वाईट वाटलं होतं.

त्यामुळे तो खोटारडा नाही, एवढं मी खात्रीने म्हणेन. तुमच्याच दुनियेतलं उदाहरण घ्या. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत आला. १९७१ मध्ये तो गेला आणि पुढे ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्समधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली: ४ ऑगस्ट १९०१. पुस्तकांत नवी तारीख गेली. त्याच्यावर लबाडीचा शिक्का मात्र कोणी मारला नाही.

आजाराची शंका तुम्ही काढलीत ती काळजीपोटी, हे मला कळतं. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एक उसनी आठवण म्हणजे विस्मरणाचा आजार नव्हे. कालचं जेवण आठवत नाही, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारतो, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, पैशांचे हिशेब जमेनासे झालेत, असं काही वहिनींच्या लक्षात आलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ते वहिनींशी स्वतंत्र बोला. रोलिन्सचा विषय त्यात आणू नका.

आता त्या तिकिटाबद्दल. इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलावं लागेल.

‘तू मिरजेला होतास.’ हे वाक्य तुम्ही तारखेची चूक दाखवायला म्हणालात. त्याने काय ऐकलं असेल? मिरजेला त्या आठवड्यात त्याचे वडील अखेरच्या घटका मोजत होते. इस्पितळाची फरशी, औषधाचा वास, रात्री बाकावर बसून काढलेले तास, हे त्याच्या वाट्याला आलेलं खरं. त्याच आठवड्यावर त्याच्या मनाने हळूहळू रंगभवनची एक रात्र अंथरली. जाणूनबुजून नव्हे. पण तुम्ही टेबलावर तिकीट ठेवलंत आणि एका क्षणात, चार माणसांसमोर आणि एका अनोळखी पोरासमोर, त्याला रंगभवनातून उचलून मिरजेच्या त्या बाकावर नेऊन बसवलंत. तो तिकिटाकडे बघत राहिला असं तुम्ही लिहिता. तो तेव्हा तिकीट बघत होता, असं मला वाटत नाही.

खरं बोलणं गुन्हा नाही. पण दहा-बारा वर्षं तुम्ही गप्प बसलात, तेव्हा दोघंच असताना, मुलुंड स्टेशनपर्यंत सोडायला जाताना, हे बोलता आलं असतं. तुम्ही साक्षीदार जमल्यावर बोललात.

आणि कोल्ट्रेन-माइल्सचं भांडण आणि हे, दोन्ही एका तागडीत घालू नका. तुमच्या गोटात मतांवरून भांडणं होणं जुनंच आहे. फ्रान्समधल्या हॉट क्लब या जॅझप्रेमींच्या मंडळाची दोन मोठी माणसं, ह्यूग पानासिए आणि शार्ल दलोने. चाळीसच्या दशकात बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली आली तसं पानासिए म्हणाले, हे जॅझच नाही. दलोने म्हणाले, हेच आजचं जॅझ. १९४७ मध्ये क्लब दुभंगला. एवढी मोठी माणसं एवढ्यावरून तुटली, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही दोघं तशाच भांडणात चाळीस वर्षं टिकलात, ही केवढी कमाई आहे! ते भांडण सुरूच ठेवा. त्यात तुमचा मित्र हरला तरी पुढच्या शनिवारी नवी रेकॉर्ड काखेत मारून येत होता. यावेळी तो हरला नाही, उघडा पडला.

तुमच्या घरी माइल्सची ‘काइंड ऑफ ब्लू’ असणारच. ती रेकॉर्ड दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. त्यातल्या मार्चच्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुळापेक्षा जरा चढ्या सुरात आली. रेकॉर्ड तशीच छापली गेली, जगभर गेली आणि १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत लोकांनी तीसहून अधिक वर्षं ती चढ्या सुरातच ऐकली. किती वादकांनी तिच्यावर सूर लावून सराव केला असेल, किती जणांनी पहिल्या पगारातून ती घेतली असेल. त्यांचं प्रेम खोटं होतं का? वेग चुकला होता, वाजवणारे तेच होते. आता दुरुस्त प्रत आहे आणि मी तरी तीच ऐकेन. पण चढ्या सुरावर जीव जडलेल्या माणसासमोर त्याची जुनी रेकॉर्ड मी फोडणार नाही.

इतिहासाची तुमची कळकळ मात्र मला मनापासून पटते. मुंबईच्या जॅझला तारखा धरून बसणारी माणसं फार कमी मिळाली. हॉटेलांत बँड वाजवणारे आणि मग स्टुडिओत जाऊन हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन भरणारे किती गोवेकर वादक नावाशिवाय गेले. आल्डोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून आणि सी. रामचंद्रांचा सहायक म्हणून थोडाफार लक्षात राहिला. त्याच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांची नावं आज कोणाला विचारायची? तेव्हा तुमचा तो डबा, तुमच्या वह्या, सांभाळाच. पण खरा इतिहास लिहायचा तर पूर्ण लिहा. तिकिटं कोणी काढली, रांगेत कोण उभं होतं, कोण जाऊ शकलं नाही आणि का, कोणी पाहिलं, कोणी कोणाला सांगितलं. त्या सॅक्सोफोन शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीच कळलेलं नाही. त्याला फक्त एक म्हातारा उठून गेलेला दिसला.

आता काय करायचं ते. फोन पुरे झाले. स्लो लोकल पकडून डोंबिवलीला जा. आधी वहिनींना कळवू नका, म्हणजे ‘झोपलेत’ म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार नाही. गेल्यावर रोलिन्सचं नाव काढण्याआधी त्याच्या वडिलांबद्दल विचारा. मिरजेबद्दल. मला शंका आहे की तुम्ही हे कधी विचारलंच नाही. तो परत आला तेव्हा तुम्ही पोरवयाचे होतात, मन भरून आलं होतं, सांगायची घाई होती. इराण्याकडे तीन-चार वेळा बसलात आणि प्रत्येक वेळी तुम्हीच बोललात. आता त्याला बोलू द्या. तो नाही बोलला तर चहा घ्या आणि बसून राहा.

मग माफी मागा, आणि नेमकी मागा. ‘बोललो ते बरोबर होतं, पण...’ असं नको. ‘त्या पोरासमोर तिकीट काढलं, ते मी करायला नको होतं,’ एवढंच.

आणि ते तिकीट सोबत न्या. तुम्ही ते पुरावा म्हणून बाहेर काढलंत. पण इतकी वर्षं पुरावा म्हणून ठेवलं होतं का? तेव्हा तर कसला वादच नव्हता. शेजारची जागा रिकामी घेऊन तुम्ही ती सगळी रात्र काढलीत आणि घरी येऊन त्याचं तिकीट डब्यात ठेवलंत, ते त्याला द्यायचं म्हणूनच ना? रांगेत उभं राहून त्याने काढलेलं तिकीट आहे ते. त्याच्या हातात द्या.

पुढचा दुसरा शनिवार यायच्या आत जाऊन या.