जमिनीखालच्या लाइनी आणि ऑटोकॅड

प्रश्न : सोसायटीच्या रस्त्याखालची ड्रेनेज लाइन ऑटोकॅडमध्ये (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) पॉलीलाइनने, म्हणजे तुकडे जोडून बनलेल्या एकाच रेघेने काढलीय. लाइनटाइपमधली (रेघेचा नमुना) अक्षरं सरळ भागात दिसतात, पण वळणावर नुसती सलग रेघ येते. लाइनटाइप स्केल बदलून पाहिला, तरी तेच. आणि लेव्हल, म्हणजे उंचीचे आकडे, कुठे टाकायचे?

उत्तर : वळणावर छोटे छोटे तुकडे असतात ना, प्रत्येक तुकड्यावर पॅटर्न नव्याने सुरू होतो आणि जागाच पुरत नाही म्हणून सलग रेघ दिसते. पीलाइनजेन (PLINEGEN) हे सेटिंग १ करा, म्हणजे पॅटर्न पूर्ण रेघेवर सलग चालतो, पण ते नव्या पॉलीलाइनींना लागू होतं, आधीच्यांसाठी पीएडिट (PEDIT) कमांडमध्ये जाऊन एलटाइप जेन ऑन करा.

आता लेव्हल, हे खरं महत्त्वाचं. साध्या पॉलीलाइनला एकच एलेव्हेशन (उंची) असतं, उतार दाखवायचा तर थ्रीडी पॉलीलाइनच घ्या, तिच्या प्रत्येक बिंदूला वेगळी उंची देता येते. आणि लेव्हल कशाची ते ठरवून घ्या, ड्रेनेजला इन्व्हर्ट म्हणजे पाइपच्या आतला तळ धरतात. एका चेंबरला इन्व्हर्ट ९९.८५ मीटर, पुढचा चेंबर ३० मीटरवर, उतार १:२०० (२०० मीटरला १ मीटर) असेल तर तिथे ९९.७०. चेंबरशेजारी झाकणाची आणि इन्व्हर्टची, दोन्ही लेव्हल लिहाच, कारण खोदणाऱ्याला खोली त्यावरूनच कळते आणि तिथे अंदाज चालत नाही हो.