'देशी', 'गावठी' की 'खिलार'?

मंगळवेढ्याहून एकांनी विचारलंय: जनावरांच्या अर्जात 'जात' असा रकाना असतो. तिथं कुणी 'देशी' लिहितं, कुणी 'गावठी', बाजारात मात्र सगळे 'खिलार' म्हणतात. बरोबर काय?

गाय खिलार असेल तर 'खिलार'च लिहा. 'देशी' ही जात नव्हे. जर्सी, होल्स्टिन या परदेशी जाती आणि त्यांचा संकर बाजूला काढला की उरतं ते सगळं देशी. गीर, साहिवाल, आपली खिलार त्यातच. 'गावठी'चा कागदोपत्री अर्थ निराळा: नोंदलेल्या कुठल्याच जातीच्या वर्णनात न बसणारं जनावर. आपण मात्र गावठी अंडी, गावठी कोंबडी कौतुकानं म्हणतो, आणि घोळ इथंच होतो. पशुगणनेला माणूस दारात आला असताना दावणीच्या खिलारीला 'गावठीच की' म्हणालात, तर ती बिनजातीच्या ढिगात जाण्याची भीती.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत जातवार आकडे घेतले गेले. जातींची नोंदणी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे होते. एखादी जात धोक्यात आहे का, हे पैदाशीच्या माद्या आणि वळू किती उरलेत यावरून ठरतं. तिथं 'देशी' हा शब्द निरुपयोगी. २०२४मध्ये राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटलं, गोशाळांना गाईमागे दिवसाला ५० रुपये जाहीर केले. गाय पोसायला हे ठीक. पण भाकड गाईच्या चाऱ्यानं खिलारचा वंश वाढत नाही. त्याला निरनिराळ्या रक्ताचे वळू गावोगाव लागतात. एकाच नामांकित वळूवर सगळा भाग फळवला, तर खिलार दिसायला भरपूर आणि आतून सगळी भावंडं.

आता खुद्द शब्द. 'खिल्लार' म्हणजे मुळात गुरांचा कळप आणि तो राखणारा खिल्लारी. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात पाहा. जातीचं नाव म्हणून 'खिलार' आणि 'खिल्लार' दोन्ही चालतात. जाणकार त्यातही कोसा, काजळी असे भेद करतात. असली नावं अर्जात सहसा नसतात, तेव्हा 'वर्णन' असा रकाना दिसला तर तिथं जरूर घाला. म्हशीलाही हाच नियम: शिंगं तलवारीसारखी लांब खांद्यामागं गेलेली असतील आणि घराणं माहीत असेल, तर 'पंढरपुरी' लिहा, नुसतं 'म्हैस' नको.