गॅसचा वास थोड्या वेळाने येईनासा झाला, म्हणजे गळती थांबली का?

नाही, तसं समजू नका. आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा. दिव्या-पंख्याचं बटण चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. घराबाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुढचं नंतर वाचा.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि ही गोष्ट वर्गात दरवर्षी मुद्दाम सांगते. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला जवळजवळ वासच नसतो. तुम्हाला आला तो त्यात मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या उग्र वासाच्या गंधकयुक्त रसायनाचा. नाकात अगदी वर, गंधपेशींच्या केसांसारख्या तंतूंवर वासाचे रेणू टिपणारी रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उंदरांत शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मरकॅप्टनसारख्या छोट्या गंधकयुक्त रेणूंना ओआर२टी११ नावाचा रिसेप्टर दाद देतो, आणि गंमत म्हणजे तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असले की त्याची ही दाद कितीतरी वाढते. शरीरातलं चिमूटभर तांबं असं आपल्या जिवासाठी राबतं, याचं मला अजून नवल वाटतं.

रेणू बसला की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो. आतल्या बाजूचं जी-प्रथिन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रथिन, जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू भराभर तयार होतो. त्याने आयनांची दारं उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत येतात. कॅल्शियममुळे क्लोराइड बाहेर पडतं, विद्युतसंकेत आणखी जोर धरतो आणि मेंदूकडे जातो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच कॅल्शियममध्ये आहे. आत आल्यावर ते कॅलमोड्युलिन या प्रथिनाला सोबत घेऊन तीच दारं सायक्लिक एएमपीला कमी जुमानतील असं करतं. भर म्हणून मेंदूही सततच्या वासाकडे लक्ष देणं सोडतो. हवेत गॅस तेवढाच असतो, कदाचित वाढलेलाही, पण नाक गप्प होतं. सर्दी झालेल्यांना आणि वय झालेल्यांना तर मुळातच वास कमी येतो.

म्हणून दारात आलेली शेजारीण "अहो, केवढा गॅसचा वास येतोय!" म्हणाली, तर स्वतःच्या नाकापेक्षा तिच्या नाकावर विश्वास ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. मेकॅनिक येऊन साबणाच्या पाण्याने नळी आणि जोड तपासेपर्यंत शेगडी पेटवू नका.